क्रूझवरचा सिगारेटचा धूर: नियम काय, बाल्कनी कोणाची आणि तक्रार कोणाकडे?

मीठागर

नमस्कार मंडळी,

हिवाळ्यात घरातल्या सगळ्यांना घेऊन क्रूझला जायचं चाललंय. बरोबर सासूबाई आहेत, त्यांना दमा आहे. धाकटी लेकही धुराने लगेच खोकायला लागते. त्यामुळे जेवण, शो, किनाऱ्यावरच्या सहली यांची चौकशी नंतर करेन. आधी धुराचं विचारायचंय.

मागे आम्ही सिंगापूरहून सुटणाऱ्या एका जहाजावर गेलो होतो. कंपनीचं नाव लिहीत नाही, प्रश्न एका कंपनीचा नाही. सासूबाईंना समुद्र बघत बसता यावं म्हणून जास्तीचे पैसे भरून बाल्कनीची केबिन घेतली. शेजारच्या बाल्कनीत दोघे जण सकाळच्या चहापासून सुरू व्हायचे. दोन बाल्कन्यांच्या मधलं पार्टिशन खाली जमिनीला टेकलेलं नसतं, पाणी वाहून जायला फट ठेवलेली असते. कठड्याच्या बाजूलाही थोडी जागा असते. धूर या दोन्हीकडून यायचा. बाल्कनीचं दार उघडं असताना कोणी केबिनचं पुढचं दार उघडलं की सगळा झोत आत, पडद्यांना वास, उशांना वास. शेवटी सासूबाई पंप हातात घेऊन आत पलंगावर बसल्या आणि समुद्र काचेपलीकडे. त्या एका शब्दानेही कुरकुरल्या नाहीत, मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

रिसेप्शनला फोन केला. माणूस आला, शेजाऱ्यांशी बोलून गेला. तासाभरात पुन्हा तेच. मी स्वतः दार ठोठावलं तर उत्तर मिळालं, "मॅडम, आम्हीपण बाल्कनीचे पैसे भरलेत."

माझं मत स्पष्ट आहे. हॉटेलात पटलं नाही तर खोली बदलता येते, हॉटेलही बदलता येतं. जहाज पूर्ण भरलेलं असेल तर उतरेपर्यंत त्याच भिंतीशेजारी राहावं लागतं. म्हणून जहाजावरचा नियम शहरातल्यापेक्षा कडक हवा आणि तो पाळून घेण्याची जबाबदारी कंपनीची हवी. प्रवाशांनी आपसात भांडत बसायचं नाही.

नक्की कुठे परवानगी असते? तक्रार कोणाकडे केली की उपयोग होतो? समुद्रात आपला कायदा लागू होतो का? आणि केबिन कुठली घ्यावी? जाणकारांनी सविस्तर लिहा, प्लीज.

वसईचा_दर्यावर्दी

ताई, मी बरीच वर्षं अमेरिकन कंपन्यांच्या जहाजांवर हाउसकीपिंगला होतो. आता बोट सोडून वसईत स्थायिक आहे. आतून काय चालतं ते सांगतो.

पहिली गोष्ट, मोठ्या अमेरिकन कंपन्यांत केबिनमध्ये तर नाहीच, बाल्कनीतही ओढायला आता बंदी आहे. ही बंदी तशी जुनी नाही. प्रिन्सेसने २०१२ मध्ये बाल्कनी बंद केली, रॉयल कॅरिबियन आणि कार्निव्हलने २०१४ मध्ये. त्याआधी बाल्कनीत सर्रास ॲशट्रे असायचे, आम्हीच ते रोज धुवायचो. पण सगळ्या कंपन्यांचा नियम एक नाही. म्हणून बुकिंगच्या आधी त्या कंपनीचं धूम्रपानाचं पान शेवटपर्यंत वाचा. एजंट "सगळं नॉन-स्मोकिंग आहे हो" म्हणाला तर त्याच्यावर विसंबू नका. त्याला कॅसिनो आणि ओपन डेकचं ठाऊक नसतं.

आता तक्रारीचं. तुमच्याकडे जो माणूस आला असेल तो बहुतेक रिसेप्शनचा किंवा हाउसकीपिंगचा असणार. त्याच्या हातात विनंती करण्यापलीकडे काही नसतं. केबिन स्टुअर्डला, म्हणजे तुमची केबिन आवरणाऱ्या पोराला, तर मध्ये घालूच नका. शेवटच्या दिवशी पाहुणा काय रेटिंग देतो, किती टिप देतो यावर त्या पोराचं पुढचं कॉन्ट्रॅक्ट आणि घरचा हप्ता ठरतो. तो पाहुण्याचं नाव वर कसं कळवेल? मी पाहिलंय, स्मोक डिटेक्टरला शॉवर कॅप चढवलेली, दाराखाली ओला टॉवेल दाबलेला, बाल्कनीच्या सरकत्या दाराच्या पट्टीत राख. ती राख इयरबडने काढावी लागते, झाडूने निघत नाही. पोरगा काढतो आणि गप्प बसतो.

तुम्ही थेट गेस्ट सर्व्हिसेसला फोन करा आणि म्हणा, "सिक्युरिटी पाठवा आणि तक्रार लॉगमध्ये नोंदवा." हे दोन शब्द महत्त्वाचे, सिक्युरिटी आणि लॉग. नोंद झाली की ती ड्यूटी ऑफिसरकडे जाते, दुसरी नोंद झाली की त्या केबिनला लेखी समज मिळते, पुढे त्यांच्या खात्यावर साफसफाईचे पैसे लागतात. अमेरिकन कंपन्यांत हा आकडा २५० ते ५०० डॉलर आहे. तरी ऐकलं नाही तर पुढच्या बंदरात उतरवायचा अधिकार कंपनीकडे असतो. दर वेळी फोनची वेळ लिहून ठेवा. आणि धूर येत असताना फोन करा. नंतर केला तर सिक्युरिटीच्या हाती काही लागत नाही.

थोटकाचं सांगतो, कारण हे लोकांना अजिबात माहीत नसतं. वरच्या डेकवरून समुद्रात फेकलेलं थोटूक समुद्रात पडेलच असं नाही. जहाज वेगात असतं, त्याच्या अंगाला घासून वारा मागे आणि आत वळतो, आणि ते पेटतं थोटूक खालच्या कोणाच्या तरी बाल्कनीत खुर्चीवर येऊन पडतं. २३ मार्च २००६ ला स्टार प्रिन्सेस नावाचं क्रूझ जहाज ग्रँड केमनहून जमैकाच्या माँटेगो बेला चाललं होतं. मध्यरात्रीनंतर बाल्कनीवर आग लागली. चौकशी ब्रिटनच्या सागरी अपघात तपास यंत्रणेने केली, त्यांच्या मते बहुधा टाकून दिलेल्या सिगारेटमुळे. पार्टिशन प्लास्टिकचं, खाली टाइल्स प्लास्टिकच्या, खुर्च्याही तशाच. आग बाल्कनी-बाल्कनी करत वर चढत गेली. एक प्रवासी धुराने गेला, ७९ केबिन पार निकामी झाल्या आणि आणखी २१८ ना झळ बसली. बाल्कनीत तेव्हा ना डिटेक्टर ना स्प्रिंकलर. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलले आणि १ जुलै २००८ पासून बाल्कनीतलं सामान सहज पेट न घेणारं हवं, नसेल तर तिथे डिटेक्टर आणि स्प्रिंकलर हवेत, असं ठरलं.

आम्हा क्रूला तर पहिल्या दिवशी दम भरायचे, थोटूक समुद्रात टाकताना दिसलात तर थेट साइन ऑफ, पुढच्या बंदरातून घरी. पाहुण्यांना मात्र सुरुवातीच्या सुरक्षा ड्रिलमध्ये एक ओळ सांगून सोडून देतात. मला ते कधीच पटलं नाही. आग काय क्रूची आणि पाहुण्याची वेगळी असते?

कांदेपोहे_दादर

+१, विशेषतः पार्टिशनच्या फटीला. आम्हालाही हाच त्रास झाला होता.

एक भर घालते. आमच्या जहाजावर थिएटरला जायची वाट कॅसिनोमधून होती. मुलांना घेऊन शोला जाताना रोज त्या धुरातून जायचं. वरच्या डेकवरून वळसा घालून जाता येतं हे शेवटच्या रात्री कळलं. तेव्हा पहिल्याच दिवशी डेकचा नकाशा नीट बघा.

रात्रपाळी

मी ओढतो, म्हणून माझीही बाजू ऐका.

मीठागर ताईंच्या शेजाऱ्यांचं वागणं चुकीचंच होतं, त्यात वाद नाही. घरी मीही मुलांसमोर ओढत नाही, खाली रस्त्यावर जातो. पण जहाजावर आम्हाला जागा कशी देतात तेही बघा. एका क्रूझवर तेरा मजल्यांच्या जहाजात ओढायची जागा एकच, अगदी मागे, वर छप्पर नाही, बसायला दोन बाकडी आणि वाळूचा एक डबा, तोही भरून वाहणारा. पाऊस आला की तिथे उभं राहता येत नव्हतं. त्याच्या दहा पावलांवर लहान मुलांचा पूल. म्हणजे आम्ही तिथे ओढली तरी आयांच्या नजरा, आणि नजरा बरोबरच होत्या, कारण वारा पूलकडेच जात होता. ही जागा ज्याने ठरवली त्याने तिथे एकदा उभं राहून पाहिलं असतं तरी कळलं असतं.

रात्री दोन वाजता तलफ आली की माणूस एवढं चालत जाईल की बाल्कनीचं दार हळूच सरकवेल? मी समर्थन करत नाहीये. नियम पाळला जावा असं वाटत असेल तर जागा पाळण्यासारखी द्या, एवढंच म्हणतोय. वर छप्पर, रात्रभर उघडी, दारांपासून लांब, वाऱ्याच्या दिशेचा विचार करून, आणि ॲशट्रे वेळेवर रिकामे होणारे. अशी जागा एका जहाजावर मिळाली होती, तिथे सगळे ओढणारे आपणहून जायचे, कोणाला सांगावंही लागलं नाही.

स्वच्छंद_पवई

मला हा सगळा सूर एकतर्फी वाटतो. बाल्कनी माझ्या केबिनचा भाग आहे, तिचे वेगळे पैसे मोजलेत. मोकळ्या हवेत, समुद्रावर, चारी बाजूंनी वारा. त्यात दोन सिगारेटींनी कोणाचं काय बिघडतं? ज्यांना त्रास होतो त्यांनी जहाजाच्या दुसऱ्या बाजूची केबिन घ्यावी. उद्या कोणी म्हणेल माझ्या अत्तराचा त्रास होतो, परवा कोणी म्हणेल मासे नकोत. किती जणांची मर्जी सांभाळायची?

मीठागर

@स्वच्छंद_पवई, शेजारी कोण येणार हे बुकिंग करताना मला कळत नाही, त्यामुळे "दुसरी बाजू" घेऊन उपयोग नाही. तिथेही कोणीतरी ओढणारं असू शकतं. आणि तुमची सिगारेट संपली की तुम्ही आत जाऊन जेवता. सासूबाईंना पुढचा तासभर श्वास पुरत नाही. अत्तराने कोणाला नेब्युलायझर लावावा लागल्याचं मी पाहिलेलं नाही.

गिरगावकर

स्वच्छंद यांना वयाच्या अधिकाराने दोन शब्द सांगतो, राग मानू नये. मी चाळीत वाढलो. प्रत्येकाच्या दारासमोरचा गॅलरीचा तुकडा त्याचाच मानला जायचा, पण तिथे कोणी शेगडी पेटवली तर धूर पूर्ण मजल्याला व्हायचा, म्हणून शेगडी कुठे आणि केव्हा पेटवायची हे मजला मिळून ठरवायचा. बाल्कनीचे पैसे तुम्ही भरलेत हे खरं, पण शेजारच्या माणसाच्या श्वासाचे पैसे त्यात आलेले नाहीत.

मोकळी हवा म्हणाल तर आम्ही भाऊच्या धक्क्यावरून कोकणबोटीने गावी जायचो. डेकवर वळकट्या पसरून माणसं, मध्ये फणस, ट्रंका, कोंबड्या. बिडीचा धूर तेव्हाही होता, आणि माझी आत्या रात्रभर तोंडाला पदर लावून बसायची. मोकळ्या समुद्रावर धुराचा त्रास होत नाही हे मला कोणी सांगू नये.

आणि आगीचं वर दर्यावर्दींनी लिहिलंय ते मुंबईकराला तर नव्याने सांगायला नको. बॅलार्ड पियरला जिथे क्रूझ लागते, तिथून व्हिक्टोरिया डॉक कितीसं दूर? १४ एप्रिल १९४४ ला तिथे फोर्ट स्टिकिन जहाजात कापसाच्या गाठींना लागलेली आग दारूगोळ्यापर्यंत पोचली आणि अर्धी गोदी उडाली. मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात गेले. आजही देशभर अग्निशमन दिन त्याच तारखेला पाळतात. कमला मिलची आग तर सगळ्यांना आठवत असेल, डिसेंबर २०१७, गच्चीवरच्या पबमधली, १४ जीव गेले. चौकशीत हुक्क्याच्या निखाऱ्यांचं कारण पुढे आलं आणि पुढच्याच वर्षी राज्यात हुक्का पार्लरवर बंदी आली. जमिनीवर निदान रस्ता असतो पळायला. जहाजावरून कुठे पळणार?

फोर्टमधली_वकील

कायद्याचा प्रश्न विचारलाय म्हणून लिहिते. लोक दोन टोकं धरतात, "समुद्रात कायदाच नाही" किंवा "भारतीय आहोत म्हणजे भारताचा कायदा". दोन्ही बरोबर नाहीत.

जहाज ज्या देशात नोंदवलेलं असतं त्याचा झेंडा त्यावर असतो आणि खुल्या समुद्रात त्या देशाचा कायदा चालतो. बहुतेक मोठी क्रूझ जहाजं बहामा, पनामा, बर्म्युडा, माल्टा अशा ठिकाणी नोंदवलेली असतात. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटरपर्यंत, किनाऱ्याच्या देशाची सागरी हद्द. त्यामुळे एकाच प्रवासात कायदा बदलत जातो.

आपल्याकडे सिगारेट व इतर तंबाखूजन्य उत्पादनांचा २००३ चा कायदा आहे, सगळे त्याला कोटपा म्हणतात. त्याच्या कलम ४ ने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान बंद केलं आणि "सार्वजनिक ठिकाण" च्या व्याख्येत सार्वजनिक वाहनंही आहेत. २ ऑक्टोबर २००८ पासून त्याचे नियम कडक झाले. वेगळी धूम्रपानाची जागा ठेवायची सवलत फक्त तिघांना आहे: ३० किंवा जास्त खोल्यांची हॉटेलं, ३० किंवा जास्त आसनांची रेस्टॉरंटं आणि विमानतळ. जहाजाचं नाव त्यात नाही. आणि ती जागा म्हणजे कोपऱ्यात खुर्च्या मांडल्या असं चालत नाही. चारी बाजूंनी छतापर्यंत भिंती, आपोआप बंद होणारं दार, आणि आतली हवा थेट इमारतीबाहेर जाईल अशी व्यवस्था हवी. दंड मात्र २०० रुपयांपर्यंतच आहे, आणि माझ्या मते हा आकडा हास्यास्पद झालाय.

तरी माझा सल्ला असा की जहाजावर कायद्याच्या कलमांमागे लागू नका. तिथे तुमचं खरं हत्यार आहे तिकिटाबरोबरचा करार. त्यात धूम्रपानाचं कलम असतं, दंडाचं असतं, उतरवण्याचं असतं. तुम्ही मान्य केलंय तसं शेजाऱ्यानेही तेच मान्य केलंय. बुकिंगच्या वेळी दम्याच्या रुग्णाबद्दल ईमेल करा, धूम्रपानाच्या जागा कुठे आहेत ते लेखी मागा आणि उत्तराची प्रिंट जवळ ठेवा. समुद्रात इंटरनेट महाग असतं आणि नेमकं हवं तेव्हा चालत नाही. कंपनीला आधी कळवलं होतं हे दाखवता आलं तर केबिन बदलून मिळणं असो की परतल्यावर भरपाईचा अर्ज, दोन्हींत फरक पडतो.

वेपिंगबद्दल वेगळं. ई-सिगारेटची आयात, विक्री, वाहतूक, साठवण भारतात २०१९ च्या कायद्याने बंद आहे. परदेशी बंदरात घेऊन परत मुंबईत आणणं म्हणजे आयात. "वास येत नाही, वाफच आहे" म्हणून केबिनमध्ये ओढतात तेही चालत नाही, बहुतेक कंपन्या वेपला सिगारेटचाच नियम लावतात.

रात्रपाळी

वकीलबाईंचं वाचून एक प्रश्न पडला. बाल्कनी बंद, केबिन बंद, मग कॅसिनोत का चालते? तो तर पूर्ण बंदिस्त. मला ओढायला मिळते म्हणून मी खूश व्हायला हवं, पण तिथे उभं राहिल्यावर मलाही डोळ्यांना झोंबतं.

वसईचा_दर्यावर्दी

पैसा, दुसरं काय. कार्निव्हलने १९९८ मध्ये पॅराडाइज नावाचं जहाज पूर्ण नॉन-स्मोकिंग म्हणून उतरवलं होतं. डेकवरसुद्धा बंदी. सिगारेट सापडली तर २५० डॉलर दंड आणि पुढच्या बंदरात उतरवायचे, खरंच उतरवायचे. २००४ मध्ये कंपनीने तो नियम सोडून दिला. न ओढणारी माणसं कॅसिनोत आणि बारमध्ये कमी खर्च करतात, हे कारण तेव्हा सगळ्या जहाजांवर बोललं जायचं. आता काही मोठ्या जहाजांवर नॉन-स्मोकिंग कॅसिनो वेगळा असतो, तेवढी सुधारणा आहे.

पण कॅसिनोबद्दल बोलताना प्रवाशांचंच बोललं जातं. डीलरचं कोण बोलतो? पत्ते वाटणारी मुलगी समोरच्याच्या तोंडातला धूर थेट अंगावर घेत तासन् तास उभी असते, तेही महिनोन् महिने. माझ्या ओळखीचा पालघरचा एक मुलगा कॅसिनो बारला होता. त्याने आयुष्यात सिगारेटला हात लावला नाही. कॉन्ट्रॅक्ट संपवून आला की महिनाभर सकाळी खोकत असायचा. त्याने दोनदा खातं बदलून मागितलं, मिळालं नाही. पाहुण्याला त्रास झाला तर तो फोन करतो, पैसे परत मागतो. त्या पोराने फोन कोणाला करायचा? मुंबई, वसई, गोवा, रत्नागिरीची किती मुलं या जहाजांवर आहेत ते आपण जाणतो. नियम कडक करा म्हणताना त्यांच्यासाठीही करा म्हणा. मला तर वाटतं आधी त्यांच्यासाठी करा.

कांदेपोहे_दादर

हा विचार खरंच केला नव्हता. दर्यावर्दी, वेगळा धागा काढा यावर.

छातीची_डॉक्टर

मीठागर, सासूबाईंसाठी कामाचं तेवढं लिहिते.

"थोडा धूर चालतो" असं काही नसतं. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २००६ च्या अहवालात स्पष्ट म्हटलंय की दुसऱ्याच्या धुराची सुरक्षित अशी पातळी नाही, आणि एकाच इमारतीत ओढणाऱ्यांना वेगळं बसवून, हवा गाळून किंवा वायुवीजन वाढवून तो धोका पूर्ण जात नाही. जहाजाच्या बंद भागालाही हे तसंच लागू आहे.

बोर्डिंगच्या वेळी मोठ्या बॅगा काढून घेतात आणि त्या केबिनपाशी पोचायला संध्याकाळ होऊ शकते. म्हणून पंप, स्पेसर, रोजची औषधं आणि प्रिस्क्रिप्शन खांद्यावरच्या पर्समध्ये. एक जादा पंप तुमच्याकडेही ठेवा. नेब्युलायझर नेणार असाल तर कंपनीला आधी कळवा आणि त्याचा प्लग तिथे बसतो का बघा. जहाजावर दवाखाना असतो पण बिल डॉलरमध्ये येतं, तेव्हा प्रवास विमा घेताना दमा लपवू नका. लपवलात तर दावा नाकारतील.

केबिनमध्ये शिरल्यावर सामान उघडायच्या आधी सोफ्याचं कापड आणि पडदा हुंगून बघा. आधीच्या पाहुण्याने ओढली असेल तर धुराचे कण कापडात बसलेले असतात आणि तेही त्रास देतात. वास आला तर तेव्हाच केबिन बदलून मागा. जहाज सुटण्याआधी रिकामी केबिन मिळायची शक्यता असते. आणि मास्कवर फार भिस्त ठेवू नका. एन-९५ कण अडवतो, धुरातले वायू अडवत नाही.

निघायच्या दोन-तीन आठवडे आधी त्यांच्या डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या. दमा आटोक्यात असताना निघालेल्या रुग्णाला असा प्रसंग आला तरी निभावतो, आधीच धाप असताना निघालेल्याला नाही.

स्वच्छंद_पवई

सगळं वाचलं. कॅसिनो कर्मचाऱ्यांचं पटलं. बाल्कनीबद्दल माझं मत कायम आहे, पण ज्या कंपनीत बंदी आहे तिथे बुकिंग करून नियम मोडणार नाही. जिथे परवानगी असेल तिथेच करेन.

मीठागर

@स्वच्छंद, हे मला मान्य आहे. माझं भांडण नियम मोडणाऱ्यांशी आहे आणि मोडू देणाऱ्या कंपनीशी.

सगळ्यांचे मनापासून आभार. काय केलं ते सांगते, म्हणजे पुढच्यांना उपयोगी पडेल. दोन कंपन्यांना ईमेल केले, सासूबाईंच्या दम्याचा उल्लेख करून. एकीचं उत्तर गुळमुळीत, "आम्ही सर्व पाहुण्यांच्या सोयीची काळजी घेतो". दुसरीने सरळ लिहिलं की केबिन आणि बाल्कनी दोन्हीकडे बंदी आहे, ओढायची जागा ओपन डेकवर एकाच बाजूला आहे, आणि कॅसिनोत परवानगी आहे. सोबत डेकचा नकाशा जोडला. मी दुसरी निवडली, भाडं थोडं जास्त असूनही.

केबिन ओढायच्या जागेच्या विरुद्ध बाजूची, मधल्या भागातली आणि ओपन डेकपासून तीन मजले खाली घेतली. अगदी मागची घ्यायचा मोह होता, तिथून समुद्र मोठा दिसतो म्हणे.

वसईचा_दर्यावर्दी

बरं केलंत मागची घेतली नाहीत ते. जहाज पुढे जातं तेव्हा वरच्या डेकवरचा धूर मागे जाऊन पिछाडीलाच खाली उतरतो. कधी चिमणीची काजळीही पडते बाल्कनीत.

गिरगावकर

आमच्या एका नातलगांचं सिंगापूरहून क्रूझचं ठरतंय. ते सिगारेट ओढत नाहीत, पण तंबाखू मळतात. पुडी आणि चुना बरोबर असतोच. जहाजावर ते चालतं का?

फोर्टमधली_वकील

काका, जहाजाच्या आधी सिंगापूरचा प्रश्न येईल. चघळायची तंबाखू तिथे नेण्यावर बंदी आहे, पुडीसकट अडवतील. त्यांना ती घरीच ठेवायला सांगा. बरोबर कोणाची सिगारेटची पाकिटं असतील तर विमानतळावर रेड चॅनलमध्ये जाऊन जाहीर करायची आणि ड्यूटी भरायची. तिथे दारूला सवलत आहे, सिगारेटला एकाही कांडीची नाही. आणि तरुण मंडळींपैकी कोणाकडे वेप असेल तर तो मुंबईतच सोडायला सांगा. सिंगापूरमध्ये २०१८ पासून तो नुसता जवळ बाळगणंही गुन्हा आहे.

वसईचा_दर्यावर्दी

आणि काका, तंबाखू सोडायची म्हटल्यावर दोन दिवस डोकं चढेल त्यांचं. डॉक्टरांना विचारून निकोटिनच्या गोळ्या मिळतात का बघा. च्युइंग गम नको, त्यावरही सिंगापूरमध्ये निर्बंध आहेत.